तीन पेडलची सेडान: एका खरेदीचं सगळं प्रकरण

माझ्या आतेबहिणीला गाडी घ्यायची होती. तिला ड्रायव्हिंगची मनापासून आवड, आधीची मॅन्युअल हॅचबॅक तिने वर्षानुवर्षं प्रेमाने चालवली, पण घरात बाळ आलं आणि ती गाडी पुरेना झाली, म्हणून आता सेडान. अट एकच होती आणि त्यावर चर्चा नव्हती, क्लच पेडल हवं म्हणजे हवं, म्हणजे गाडी मॅन्युअलच. या शोधात मी पहिल्यापासून तिच्यासोबत होतो. ज्यांना अशीच चार दारं आणि तीन पेडलवाली गाडी घ्यायचीय त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहून ठेवतोय, कारण अशा निवडीत आकड्यांवर खूप बोललं जातं आणि खरा निकाल भलत्याच गोष्टींवर लागतो.

आधी परिस्थिती, कारण तीच विसरून लोक गाड्यांच्या याद्या करायला बसतात. घरात गाडी एकच राहणार, दुसरी ठेवायचा प्रश्न नाही. मागच्या सीटवर एका बाजूला बाळाची सीट कायमची, दुसऱ्या बाजूला बरेचदा आत्या, तिची कंबर दुखते आणि कडक सस्पेन्शनची गाडी तिला पंधरा मिनिटांत नकोशी होते. ऑफिसच्या रस्त्यावर एक मोठा टप्पा गोगलगायीच्या वेगाचा, पुढे मोकळा हायवे. आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे, सगळे झोपलेले असताना, वळणावळणाचा डोंगरी रस्ता, जो तिच्यासाठी आठवड्यातला सगळ्यात मोलाचा वेळ. रेस ट्रॅकवर जायची तिची इच्छा नाही, हे तिने सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलं आणि ते फार महत्त्वाचं ठरलं. आणखी एक, तिचा नवरा आजवर फक्त ऑटोमॅटिक चालवत आलेला, शिकायला तयार होता, पण त्यालाही ही गाडी रोज चालवता यायला हवी होती.

तिची पहिली यादी उत्साहात केलेली होती. ई९० बॉडीची (बीएमडब्ल्यू आपल्या प्रत्येक पिढीला असा कोड देते) बीएमडब्ल्यू ३३५आय, इन्फिनिटी जी३७, सुबारू डब्ल्यूआरएक्स, ह्युंदाई एलान्ट्रा एन, होंडा सिव्हिक एसआय, आणि स्वप्न म्हणून कॅडिलॅक सीटी४-व्ही ब्लॅकविंग. मी त्यात एकच नाव घातलं, ३३५आयची टर्बो नसलेली बहीण, ३३०आय. (पुढचे हॉर्सपॉवरचे आकडे अमेरिकन मॉडेलचे आहेत, दुसऱ्या बाजारांत थोडा फरक पडतो.)

यादी एवढीच का, असं कोणी विचारेल. कारण मैदान खरंच रिकामं होत गेलंय. एकेकाळी तीन पेडलची स्पोर्ट सेडान ही सरळसाधी गोष्ट होती, मग ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सुधारत गेले, विशेषतः झेडएफ या गिअरबॉक्स बनवणाऱ्या जर्मन कंपनीचा आठ स्पीडवाला आणि ड्युअल क्लचवाले, ते माणसापेक्षा लवकर गिअर बदलायला लागले, मायलेजही त्यांचंच बरं यायला लागलं, आणि मॅन्युअल घेण्याचं व्यवहारी कारणच उरलं नाही. ऑडी ए४ अमेरिकेत २०१८ च्या मॉडेलनंतर मॅन्युअलमध्ये मिळेनाशी झाली. जेनेसिस जी७० ची दोन लिटर टर्बो मॅन्युअलमध्ये आली होती, २०२१ च्या मॉडेलनंतर तीही गेली. बीएमडब्ल्यूची साधी थ्री सिरीज एफ३० पिढीपर्यंत अमेरिकेत मॅन्युअल होती, पुढच्या जी२० पासून नाही, एम३ मध्ये अजून आहे पण तीही फक्त ४७३ हॉर्सपॉवरच्या बेस व्हर्जनमध्ये, जास्त ताकदीची कॉम्पिटिशन घ्याल तर ऑटोमॅटिकच. उलटं उदाहरणही आहे आणि ते मला फार आवडतं. ई६० पिढीची एम५ कंपनीने सात स्पीडच्या एसएमजी ऑटोमेटेड गिअरबॉक्ससकट (क्लच पेडल नाही, क्लच मशीनच दाबतं) आणली, तर उत्तर अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांनी मागणी लावून धरली आणि तिथे तिला सहा स्पीडची मॅन्युअल द्यावी लागली. म्हणजे मागणी केली की कधीकधी मिळतं.

आता यादी कशी गळत गेली ते.

ब्लॅकविंग सगळ्यात आधी गेली, आणि ती वाईट म्हणून नाही. ३.६ लिटर ट्विन टर्बो व्ही६, ४७२ हॉर्सपॉवर, ट्रेमेक कंपनीचा सहा स्पीड गिअरबॉक्स, ताकद मागच्या चाकांना, या काळात अशी गाडी कोणी बनवली यासाठीच मी त्यांचा ऋणी आहे. पण ही गाडी जिथे जागी होते तो वेग सार्वजनिक रस्त्यावर तुम्ही गाठूच शकत नाही, गाठू नये. दुसऱ्या गिअरमध्ये जरा पाय दाबला की संपलं, पुढे सोडूनच द्यायचं. वजन साडेसतराशे किलोच्या आसपास. शिवाय मागची जागा या आकाराच्या गाडीत अपेक्षेपेक्षा कमी, बाळाची मागे तोंड केलेली सीट लावली की पुढच्या माणसाचे गुडघे डॅशबोर्डला.

३३५आय जाताना जास्त वाईट वाटलं. एन५४ इंजिन, दोन छोटे टर्बो, ३०० हॉर्सपॉवर आणि खालपासून भरभरून टॉर्क, २००७ च्या सुमाराला या इंजिनाने सगळ्यांना वेड लावलं होतं. पण त्याच्या हाय प्रेशर फ्युएल पंपाचा त्रास इतका पसरला की कंपनीला अमेरिकेत त्याची वॉरंटी वाढवून द्यावी लागली, त्यात इंजेक्टर, आणि टर्बोच्या वेस्टगेटचा (टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेचा) खडखडाट. घरातली एकुलती एक गाडी म्हणून, बाळाला डॉक्टरकडे न्यायचंय आणि गाडी लिम्प मोडमध्ये गेलीय (बिघाड दिसला की गाडी स्वतःच ताकद कमी करून कशीबशी चालते), हे चित्र आम्हा दोघांना मान्य नव्हतं. ज्यांच्याकडे दुसरी गाडी आणि स्वतःचं टूलबॉक्स आहे त्यांनी जरूर घ्यावी.

जी३७ चं दुखणं वेगळं. ३.७ लिटरचं व्ही६, ३२८ हॉर्सपॉवर, हायड्रॉलिक स्टिअरिंग, कागदावर एकदम हवी तशी. पण क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणारा भाग, गिअरबॉक्सच्या आत, बेलहाउसिंगमध्ये बसवलेला, तो बिघडण्यासाठी प्रसिद्ध, आणि तो बदलायचा तर अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. आणि ते इंजिन वर चढताना जरा खरखरीत वाटतं, तिला तो आवाज आवडला नाही. आवाज आवडणं न आवडणं हे कारण मी हलकं समजत नाही, आनंदासाठीच घेतोय ना गाडी.

डब्ल्यूआरएक्सवर मात्र तिचं मन बराच वेळ अडकलं. २०२२ पासूनच्या पिढीत २.४ लिटरचं बॉक्सर टर्बो, २७१ हॉर्सपॉवर, आणि मॅन्युअल घेतली तर मध्ये व्हिस्कस कपलिंगवाला (घट्ट द्रवावर चालणारा) डिफरेन्शियल, म्हणजे ताकद वाटणारी यंत्रणा, पुढे-मागे निम्मी निम्मी ताकद. बर्फात, चिखलात राहणाऱ्यांनी दुसरीकडे बघूच नये. ती जिथे राहते तिथे बर्फ नाही. मग चारही चाकांना ताकद नेणाऱ्या सगळ्या यंत्रणेचं वजन आणि पेट्रोल रोज कशासाठी वाहायचं, याला तिच्याकडे उत्तर नव्हतं.

राहिल्या तीन. ३३०आय, एलान्ट्रा एन, सिव्हिक एसआय. एकीत टर्बोशिवाय २५५ हॉर्सपॉवर, दुसरीत २७६, तिसरीत फक्त २००. आकडे बघून कोणीही तिसरी बाद करेल, आणि तीही करणारच होती.

मी म्हटलं, थांब, आधी एक काम करू. आठवडाभर आपली जुनीच गाडी चालवताना लक्ष ठेव की तू गिअर कुठे बदलतेस, कुठल्या वेगाला, आणि कुठल्या क्षणी तुला मजा वाटते. तिने खरंच ठेवलं. आणि निघालं काय तर मजेचे जवळपास सगळे क्षण ताशी ४० ते ९० च्या मधले, दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमधले. वळणाआधी ब्रेक, तिसऱ्यातून दुसरा, वळणातून बाहेर पडताना पाय देणं, परत तिसरा. टॉप स्पीड नाही, शून्य ते शंभर नाही, हा एवढाच पट्टा. मग गाडीने याच पट्ट्यात काय द्यायचं हा प्रश्न झाला, आणि इथून टेस्ट ड्राइव्हचं स्वरूपच बदललं.

बहुतेक अशा गाड्यांत दुसरा गिअर रेडलाइनपर्यंत खेचला की साधारण ९० ते १०० चा वेग होतो. आता ताकद जितकी जास्त तितकं ते अंतर लवकर संपतं. जास्त ताकदीच्या गाडीत तुम्ही दुसऱ्यात पाय दाबता आणि लगेच सोडावा लागतो, म्हणजे हात आणि डावा पाय यांना काम मिळतच नाही, आणि मॅन्युअल तर त्याच कामासाठी घेतलेली असते. कमी ताकदीच्या गाडीत इंजिन वरपर्यंत न्यावं लागतं, गिअर वेळेवर टाकावा लागतो, चुकलात तर गाडी सांगते. हे मला पटलेलं आहे आणि मी ते कोणालाही सांगतो की मॅन्युअल सेडानमध्ये हॉर्सपॉवर एका मर्यादेनंतर मजा कमी करते. मर्यादा प्रत्येकाच्या रस्त्यावर अवलंबून.

टेस्ट ड्राइव्ह आम्ही अशी केली. तिन्ही गाड्यांना शक्यतो सारखाच रस्ता, थोडं ट्रॅफिक, थोडा चढ, थोडी वळणं. आणि सुरुवात इंजिन बंद असताना. सीट नीट लावून क्लच पूर्ण दाबायचा, गुडघा किती सरळ होतो ते बघायचं, डावा पाय ठेवायला नीट जागा आहे का, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एवढे जवळ आणि एवढ्या पातळीत आहेत का की ब्रेक दाबलेला असताना उजव्या पायाच्या कडेने रेस देता येईल. ब्रेक पेडल दाबल्यावर ते ॲक्सिलरेटरच्या पातळीला यायला हवं, हे उभ्या गाडीत नुसतं बघून कळत नाही, खरं ब्रेक लावतानाच कळतं. मग गिअर लिव्हर सगळ्या गिअरमध्ये फिरवून बघायचा, डोळे मिटून. तिसऱ्यातून दुसऱ्यात आणताना हात आपोआप जागेवर पडतो का, की शोधावं लागतं.

गिअर लिव्हरबद्दल एक गोष्ट समजून घेतली तर बरं. ज्या गाडीत इंजिन लांबीच्या दिशेने बसवलंय आणि मागची चाकं ओढतात, तिथे गिअरबॉक्स जवळजवळ लिव्हरच्या खालीच असतो, मग लिव्हर आणि गिअरबॉक्स यांच्यात छोटा दांडा पुरतो आणि हाताला आतलं सगळं कळतं, कधीकधी जरा जास्तच कळतं, थंडीत जड वाटतं. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याच्या शेजारी, लिव्हरपासून लांब, म्हणून केबल. केबलवाला लिव्हर वाईटच असतो असं अजिबात नाही, होंडाने हे फार आधीपासून दाखवलंय, २००४ ते २००८ च्या ॲक्युरा टीएसएक्सचा सहा स्पीड गिअर ज्याने हाताळलाय त्याला सांगायला नको. टीएसएक्स तिच्या यादीत नव्हती कारण चांगली, न बिघडवलेली मिळणं अवघड, पण ती माझ्या आवडीची म्हणून नाव घेतलं.

इंजिन चालू केल्यावर पहिली परीक्षा सगळ्यात सावकाश. रेस अजिबात न देता क्लच सोडून गाडी हलवायची. क्लच कुठे पकडतो, हळूहळू पकडतो की एकदम, इंजिन धडपडतं की सांभाळून घेतं. ट्रॅफिकमध्ये रोज हेच करायचंय. बीएमडब्ल्यूत इथे एक खास गोष्ट भेटते, त्यांच्या बऱ्याच मॅन्युअल गाड्यांत क्लचच्या हायड्रॉलिक लाइनमध्ये एक छोटं अडथळ्याचं भोक असतं, क्लच डिले व्हॉल्व्ह म्हणतात त्याला, तुम्ही पाय झटकन काढला तरी क्लच आपल्या गतीने पकडतो. ड्राइव्हलाइनला झटका बसू नये म्हणून ठेवलेलं, पण सवय असलेल्या माणसाला पायाखाली काहीतरी रबरी आल्यासारखं वाटतं, आणि अनेक शौकीन गाडी घेतल्यावर पहिलं काम म्हणून तो काढून टाकतात. तिला पहिल्या पाच मिनिटांत पहिला ते दुसरा गिअर गुळगुळीत बसेना, मग मी हे सांगितलं, आणि क्लच सोडायची गती बदलल्यावर जमलं.

दुसरी परीक्षा रेव्ह हँगची. गाडी तिसऱ्यात, इंजिन चार हजारावर, क्लच दाबा आणि पाय काढा, आता काटा बघा. काटा लगेच पडला तर उत्तम. काटा वरच रेंगाळला, मग हळूहळू खाली आला, तर पुढचा गिअर टाकताना तुम्हाला वाट बघावी लागणार किंवा क्लच घासावा लागणार. हे होतं का, तर उत्सर्जन कमी ठेवण्यासाठी कॉम्प्युटर थ्रॉटल लगेच बंद करत नाही, आणि त्यात फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या टोकाची जड चकती, जास्त वजनाचं असलं की इंजिन फिरतच राहतं. सिव्हिकच्या आधीच्या, दहाव्या पिढीच्या एसआयवर हाच आक्षेप सगळ्यात जास्त घेतला जायचा. २०२२ च्या अकराव्या पिढीत होंडाने फ्लायव्हील हलकं केलं, सिंगल मास म्हणजे दोन भागांऐवजी एकसंध, आणि फरक जाणवतो. पूर्ण गेलंय असं मी म्हणणार नाही, पण वरच्या गिअरवर जाताना लय तुटत नाही एवढं झालंय.

तिसरी परीक्षा तिसऱ्यातून दुसऱ्यात येण्याची, आधी रेव्ह मॅच (गिअर खाली टाकताना गाडी स्वतःच रेस देऊन इंजिनाची गती जुळवते ती सोय) बंद करून. एलान्ट्रा एन मध्ये यासाठी स्टिअरिंगवरच बटण आहे, एसआय मध्ये स्क्रीनच्या सेटिंगमध्ये जावं लागतं, ३३०आय मध्ये प्रश्नच नाही, जे करायचं ते तुमच्या पायाने. मला स्वतःला पायानेच आवडतं. पण तिच्या नवऱ्यासाठी रेव्ह मॅच वरदान आहे, नव्या माणसाने गिअर खाली टाकला तर गाडी हिसका देत नाही आणि मागे झोपलेलं बाळ उठत नाही.

मग नवऱ्याला बसवलं. एलान्ट्रात त्याला जरा धडकी भरली, पहिल्या गिअरमध्ये अंदाज चुकला की गाडी झेप घेते. ३३०आय मध्ये दोनदा बंद पडली. एसआय मध्ये क्लच हलका, पकड स्पष्ट, त्याने पार्किंगभोवती फिरवली आणि हसतच उतरला. हे माझ्या नोंदीत मी ठळक लिहिलं होतं.

आता जुन्या गाडीचा विषय, म्हणजे ३३०आयचा, इथे जरा थांबतो कारण माझं मन तिच्यात होतं. एन५२ इंजिन म्हणजे तीन लिटर, सरळ सहा सिलिंडर, टर्बो नाही, ब्लॉक मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमचा मिळून, सात हजारापर्यंत एका लयीत चढणारं, आणि ई९० चं स्टिअरिंग हायड्रॉलिक. पुढच्या पिढीत ते इलेक्ट्रिक झालं आणि ती जाणीव परत तशी आली नाही असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेत ३३०आय ई९० फक्त २००६ च्या मॉडेलला मिळाली, २००७ पासून तिथे ३२८आय आली, तेच इंजिन पण २३० हॉर्सपॉवर, इनटेक मॅनिफोल्ड साधा असल्याने, आणि लोक त्यात ३३०आयचा तीन टप्प्यांचा मॅनिफोल्ड बसवून घेतात. दुखणी माहितीतली आहेत, इलेक्ट्रिक वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट, व्हॉल्व्ह कव्हरचं आणि ऑइल फिल्टर हाउसिंगचं गॅस्केट. भयंकर काही नाही. फक्त या वयाच्या गाडीत सगळी रबरं, सगळे बुश, सगळं प्लॅस्टिक एकाच वेळी म्हातारं झालेलं असतं.

जुनी मॅन्युअल बघताना आम्ही जे तपासलं ते कुठल्याही गाडीला लागू आहे म्हणून लिहितो. गाडी थंड असताना बघायला जायचं, मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर परत यायचं. थंड गिअरबॉक्समध्ये दुसरा गिअर टाकताना करकर झाली तर सिंक्रो, म्हणजे गिअरांची गती जुळवणाऱ्या कड्या, झिजलेत, गरम झाल्यावर हेच लपतं. न्यूट्रलमध्ये आयडलवर क्लच सोडलेला असताना घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग, आणि उलट दाबल्यावर आवाज आला तर रिलीज बेअरिंग. इंजिन बंद करताना खडखडून थांबलं तर ड्युअल मास फ्लायव्हीलकडे संशय. मग मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर पूर्ण पाय द्यायचा, आरपीएम वर जातंय पण वेग वाढत नाही तर क्लच गेलाय. आम्ही पाहिलेल्या एका जुन्या गाडीचा मालक म्हणत होता क्लच नुकताच बदललाय, बिल मात्र निघेना, आणि चौथ्यात काटा असा सरकला की आम्ही आभार मानून निघालो. बिल नाही तर काम झालेलं नाही असंच धरायचं, माणूस कितीही सज्जन असो.

सर्व्हिसच्या सगळ्या कागदांसकट एक चांगली ३३०आय नंतर सापडलीही. चालवली तेव्हा बहीण बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, "दादा, ही गाडी माझी आहे." आणि मला तेव्हा वाटलं की झालं, ठरलं.

पण त्याच संध्याकाळी आत्याने एक साधा प्रश्न विचारला, ही गाडी आठवडाभर गॅरेजमध्ये गेली तर ऑफिसला कशाने जाणार. उत्तर कोणाकडेच नव्हतं. मी बरीच आकडेमोड करून बघितली, काय काय आधीच बदलून घेता येईल, पंप, थर्मोस्टॅट, गॅस्केट, पुढचे कंट्रोल आर्म, सगळं एकदम केलं तर मग काही वर्षं निर्धास्त. ते खरंही आहे. पण एकदम करायचं म्हणजे गाडी सुरुवातीलाच महिनाभर बाहेर, आणि नंतरही काय निघेल याची खात्री नाही. घरात एकच गाडी, ही अट आम्ही स्वतःच सगळ्यात वर लिहिली होती.

एलान्ट्रा एन आणि एसआय यांच्यातला निर्णय त्यामानाने सोपा झाला. एलान्ट्रा एन शुद्ध गाडी म्हणून जास्त रोमांचक आहे, हे मी मोकळेपणाने म्हणतो. पुढच्या चाकांचा इलेक्ट्रॉनिक लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल (एक चाक नुसतंच फिरायला लागलं तर ताकद दुसऱ्याकडे वळवणारा) तिला वळणात अक्षरशः आत ओढतो, एक्झॉस्ट बोलतो, आणि खराखुरा हँडब्रेक आहे, जो आता दुर्मिळ. ट्रॅकवर जाणारी असती तर मी हीच घ्यायला लावली असती. पण १९ इंचाची चाकं, ३५ प्रोफाइलचे टायर, नॉर्मल मोडमध्येसुद्धा खड्डा सरळ कंबरेत, आणि मागच्या सीटच्या पाठीमागे चासी कडक करायला आडवा दांडा बसवलाय, त्यामुळे डिकीतून मोठी वस्तू पुढे सरकवता येत नाही. बाबागाडी मावते, बाकी सामान मग मांडीवर. आत्या एकदाच मागे बसली आणि उतरताना काही बोलली नाही, तेवढं पुरे होतं.

एसआय साधारण १३४० किलोची, एलान्ट्रापेक्षा जवळपास शंभर किलोने हलकी. १.५ लिटर टर्बो, २६० न्यूटन मीटर टॉर्क १८०० आरपीएमपासून, पुढे हेलिकल लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल, म्हणजे पूर्ण यांत्रिक, आणि गिअरबॉक्स सहा स्पीड मॅन्युअल, दुसरा पर्यायच नाही. या शेवटच्या गोष्टीला मी खूप महत्त्व देतो. ज्या गाडीला ऑटोमॅटिकचा पर्याय असतो तिथे कंपनीचा सगळा जीव ऑटोमॅटिकमध्ये असतो, पेडल, गिअरचे रेशो, सगळं नंतर जुळवलेलं. इथे तसं नाही. मागची जागा भरपूर, १८ इंचाची चाकं, सस्पेन्शन कडक पण सोसण्यासारखं, आधीच्या पिढीत ॲडॅप्टिव्ह डॅम्पर (कडकपणा बदलता येणारे शॉकअप) होते ते यात नाहीत आणि त्याची उणीव मला जाणवते. ट्रॅफिकसाठी ब्रेक होल्ड आहे, सिग्नलला पाय मोकळा. ॲडॅप्टिव्ह क्रूझ (पुढच्या गाडीपासून अंतर राखत वेग सांभाळणारं) आहे पण मॅन्युअल असल्याने रांगत्या ट्रॅफिकमध्ये ते साथ सोडतं, हायवेलाच उपयोग.

एक शंका होतीच. याच घराण्यातल्या १.५ टर्बो इंजिनात थंड हवामानात आणि छोट्या छोट्या फेऱ्यांत पेट्रोल ऑइलमध्ये मिसळायची तक्रार २०१८ च्या सुमाराला बरीच गाजली होती. तिचा रोजचा रस्ता लांब, इंजिन पूर्ण गरम होतं, हवामानही गरम, त्यामुळे धोका कमी. तरी ठरवलं की ऑइल कॉम्प्युटर सांगेल तेव्हा नाही, त्याच्या बरंच आधी बदलायचं आणि डिपस्टिक काढून वास घ्यायचा, पातळी वर चढतेय का बघायचं.

निर्णयाच्या आधी तिने मला विचारलं की तू असतास तर काय घेतलं असतंस. मी सांगितलं, ३३०आय, डोळे मिटून. आणि लगेच हेही सांगितलं की तू ती घेऊ नकोस, कारण माझ्याकडे दुसरी गाडी आहे आणि तुझ्याकडे नाही. ती बराच वेळ गप्प होती. २०० हॉर्सपॉवर, पुढची चाकं ओढणारी, हे तिच्या मनातल्या चित्रात बसत नव्हतं, आणि ते दुःख खोटं नव्हतं. मागच्या चाकांनी ढकलत वळणातून बाहेर पडण्याची जी भावना आहे ती एसआय देऊ शकत नाही, कितीही डिफरेन्शियल लावा.

मग ती परत एकदा एसआय चालवायला गेली, या वेळी एकटी, डोंगरी रस्त्यावर. दुसरा, तिसरा, दुसरा, तिसरा. परत आली आणि म्हणाली की मी पूर्ण वेळ काम करत होते, एकदाही पाय आखडता घ्यावा लागला नाही. एसआय घेतली.

आता ती गाडी चांगली रुळलीय. पहिल्यांदा टायर बदलायची वेळ आली तेव्हा ऑल सीझनच्या जागी समर टायर टाकले, आणि सगळ्या खर्चात हाच सगळ्यात जास्त फळला, स्टिअरिंगला जीव आला. गिअरबॉक्सचं ऑइल वेळेआधी बदललं, थंडीत दुसरा गिअर जरा अडायचा तो मोकळा झाला. नवरा आता ट्रॅफिकमध्ये तिच्यापेक्षा मऊ क्लच सोडतो, आणि रेव्ह मॅच तो चालूच ठेवतो, ती बंद करते, त्यावरून सेटिंग बदलत राहण्याची घरात रोजची कटकट आहे, होंडाने तिथे एक साधं बटण द्यायला हवं होतं. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये हायवेला ओव्हरटेक करताना ताकद अजून थोडी असती तर बरं, असं ती म्हणते, एक गिअर खाली टाकला की होतं. रेव्ह हँग थंड इंजिनावर अजून थोडा आहे, त्यासाठी फ्लायव्हील किंवा ट्यूनच्या भानगडीत वॉरंटी संपेपर्यंत पडायचं नाही असं ठरलंय. मागच्या सीटवर आत्यासाठी एक उशी लागते, तेवढी ठेवलीय.